थांबा सकाळीच ठरवायचा

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या नॉर्समनहून दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या सेडुनापर्यंत आयर हायवे सुमारे १२०० किलोमीटर धावतो. वाटेत शहर म्हणावं असं काही लागत नाही. पेट्रोलपंप, खाणावळ आणि मुक्कामाच्या काही खोल्या एकाच आवारात असलेली रोडहाऊसेस आहेत आणि त्यांच्यामध्ये रस्त्याकडेचे रेस्ट एरिया. नलारबॉरच्या या सपाट मुलखातून कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, गाडीमागे ओढत जाणारे लोक निघण्याआधी डिझेलचा हिशेब करतात, टायर बघतात, पाण्याच्या टाक्या भरतात. विश्रांतीचा विषय मात्र एका वाक्यात मिटतो: दमलो की थांबू.

या वाक्यात दोन अडचणी आहेत. दमलोय की नाही हे ज्या मेंदूने सांगायचं तोच दमलेला असतो, आणि दमलेला मेंदू स्वतःविषयी फार उदार असतो. ‘अजून वीस किलोमीटर सहज जाईन’ असंच तो सांगतो. दुसरी अडचण मागे जोडलेल्या घराची. नुसती मोटार असेल तर झाडाखाली, फाट्यावर, कुठेही बाजूला घेता येते. पुढची गाडी आणि मागची कॅरॅव्हॅन मिळून १३-१४ मीटर लांबी आणि पाच-सहा टन वजन होतं, तेव्हा ‘कुठेही’ हा शब्द संपतो. सरळ आत शिरून सरळ बाहेर पडता येईल आणि चाकाखालची जमीन घट्ट असेल अशीच जागा लागते. ती हवी तेव्हा समोर येत नाही. म्हणून थांबे सकाळी, डोकं ताजं असताना ठरवायचे आणि दुपारच्या दमलेल्या माणसाने ते फक्त पाळायचे. लांबच्या टोइंगमध्ये, म्हणजे असं ओढत नेण्यात, याहून महत्त्वाची शिस्त माझ्या मते दुसरी नाही.

ओढत चालवणं साध्या चालवण्यापेक्षा लवकर दमवतं, याची कारणं अगदी शारीरिक आहेत. आडवा वारा कॅरॅव्हॅनच्या उंच, सपाट बाजूवर आदळतो आणि मागचा धक्का हिचमधून, म्हणजे दोन्हींच्या जोडातून, पुढच्या गाडीला वळवू बघतो. चालक स्टिअरिंगवर बारीक बारीक दुरुस्त्या करत राहतो. त्या इतक्या लहान असतात की आपण काही करतोय हे जाणवतही नाही, पण खांदे आणि मनगटं दोन तासांत त्यांचा हिशेब देतात. समोरून रोड ट्रेन (एकामागे एक ट्रेलर ओढणारा लांबलचक ट्रक) आली की तिच्या तोंडाशी दाबलेली हवा आधी बाहेर ढकलते आणि ती पुढे सरकताच आत ओढते. दर अर्ध्या मिनिटाला आरशात मागची चाकं बघायची असतात. ब्रेकला जास्त अंतर लागतं, म्हणून नजर नेहमीपेक्षा लांब ठेवावी लागते. आणि मग येतो बॅलाडोनिया ते केगुना यांमधला तो प्रसिद्ध सरळ पट्टा, १४६.६ किलोमीटर, एकही वळण नाही. वारा पडलेला असेल तर इथे उलट प्रकार होतो. करायला काहीच उरत नाही, आणि रिकामा मेंदू पेंगू लागतो. जास्त कामाचा थकवा आणि कामच नसल्याचा थकवा, दोन्ही एकाच दिवसात भेटतात.

पेंग येते म्हणजे काय होतं ते आकड्यांत बघावं. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. तीन-चार सेकंदांची डुलकी, जी पुष्कळदा उघड्या डोळ्यांनी लागते आणि नंतर आठवतही नाही, तेवढ्यात गाडी ७५ ते १०० मीटर आपली आपण गेलेली असते. मोटार एकटी असती तर जाग आल्यावर ती सावरायला थोडी उसंत मिळाली असती. कॅरॅव्हॅनची डावी चाकं डांबरावरून खडीत उतरली की दचकून जागा झालेला चालक स्टिअरिंग झटक्याने उजवीकडे घेतो, आणि तिथून हेलकावे सुरू होतात. मागचं घर डावीकडे गेलं की तो उजवीकडे वळवतो, पण दमलेल्या माणसाची दुरुस्ती अर्धा सेकंद उशिरा पोचते, तोवर ते स्वतःच परत येऊ लागलेलं असतं. उशिरा केलेली दुरुस्ती हेलकावा वाढवते. अशा वेळी पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा, स्टिअरिंग शक्य तितकं सरळ धरायचं आणि चालकापाशी असलेल्या ब्रेक कंट्रोलरचं हाताचं बटण किंवा खटका हळू दाबून फक्त कॅरॅव्हॅनचे ब्रेक लावायचे. मागचं वजन मागे ताणलं गेलं की ते सरळ होतं. पुढच्या गाडीचा ब्रेक पेडल जोरात दाबला तर मागचं वजन पुढच्याला ढकलतं आणि सगळं आडवं होऊ शकतं. हा खटका कुठे आहे ते न बघता हाताला सापडायला हवं. थकलेल्या हाताला तो वेळेवर सापडत नाही.

जागरणाचं गणितही असंच निष्ठुर आहे. ड्र्यू डॉसन आणि कॅथरिन रीड या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की सलग १७ तास जागा असलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी खालावते. ऑस्ट्रेलियात सामान्य चालकासाठी कायद्याची मर्यादा तेवढीच आहे. आवराआवरीसाठी पहाटे चारला उठलेला माणूस रात्री नऊला स्टिअरिंगवर असेल तर तो नेमका तिथे पोचलेला असतो, मग त्याने दिवसभर नुसतं पाणी का प्यायलेलं असेना.

आता नकाशा पुढे घेऊ. ऑस्ट्रेलियात सर्रास दिला जाणारा सल्ला दर दोन तासांनी किमान १५ मिनिटं थांबण्याचा आहे. टोइंगसाठी मी तो पावणेदोन तासांवर आणेन आणि मोजमाप किलोमीटरऐवजी वेळेत करेन, कारण समोरचा वारा वेग खातो. पश्चिम ऑस्ट्रेलियात मागे काही ओढत असताना कमाल वेग तसाही ताशी १०० आहे. प्रत्यक्षात ८५-९० ला गाडी शांत राहते, डिझेलही वाचतं. नॉर्समन ते बॅलाडोनिया सुमारे १९० किलोमीटर, म्हणजे सव्वादोन तास. मधे एक छोटा थांबा हवा. बॅलाडोनिया ते केगुना सुमारे १८० आणि त्यातच तो सरळ पट्टा. इथे मधला थांबा चुकवायचा नाही, अगदी सगळ्यांना ताजंतवानं वाटत असलं तरी. केगुना ते कॉकलबिडी ६५, तिथून मदुरा ९० च्या आसपास, मग मुंद्राबिला ११५. या टप्प्यांत रोडहाऊसेस इतकी सोयीची आहेत की वेगळा विचार लागत नाही. सीमेवरच्या बॉर्डर व्हिलेजहून नलारबॉर रोडहाऊस पुन्हा १८५ च्या घरात. या टप्प्यात बुंडा कड्यांकडे जाणारे फाटे आहेत. तिथे गाडी वळवायला जागा असते, समुद्राकडे बघून डोळ्यांना लांबचं बघण्याचा आराम मिळतो. कड्याची कड ठिसूळ आहे, तेव्हा मुलांना हाताला धरूनच. वारा असेल तर कॅरॅव्हॅनचं दार उघडताना दोन्ही हातांनी धरावं, नाहीतर ते बिजागरीसकट जातं.

डिझेलचे थांबे आणि विश्रांतीचे थांबे जुळवता येतात, पण एकमेकांवर सोपवू नयेत. एरवी १०० किलोमीटरला १०-११ लिटर घेणारी गाडी जड कॅरॅव्हॅन ओढताना १६ ते २० घेते, समोरून वारा असेल तर त्याहून जास्त. ८० लिटरची टाकी ४०० किलोमीटरला तळ दाखवू लागते. म्हणजे डिझेल दर साडेचार तासांनी थांबवेल. शरीराला त्याच्या दुप्पट वेळा थांबायचं असतं.

थांबण्याची क्रिया जागा दिसल्यावर नव्हे, त्याच्या बरीच आधी सुरू व्हायला हवी. रेस्ट एरियाच्या पाट्या आधीपासून अंतर सांगत येतात. शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला ॲक्सिलरेटर सोडायचा, इंडिकेटर लवकर द्यायचा, मागे रोड ट्रेन असेल तर एकमेकांशी बोलण्यासाठी गाड्यांत ठेवलेल्या यूएचएफ रेडिओच्या ४० नंबरच्या चॅनलवर एक वाक्य सांगायचं की कॅरॅव्हॅन डावीकडे आत जातेय. डांबर सोडून खडीवर उतरताना वेग चालण्याहून थोडा जास्त, बस. आत शिरण्याआधी बाहेर पडायची वाट दिसली पाहिजे. ती दिसत नसेल तर तोंडाशीच थांबून कुणीतरी उतरून बघून यावं. दमलेल्या माणसाने रिव्हर्स घेत कॅरॅव्हॅन बाहेर काढणं हा विश्रांतीचा उलटा व्यवहार आहे. पाऊस पडून गेलेला असेल तर लाल मातीत चाकं घालू नयेत. वरून सुकलेली दिसते, आत लोणी असते. ओढून तापलेलं टर्बो डिझेल इंजिन लगेच बंद न करता मिनिट-दोन मिनिटं चालू ठेवावं, म्हणजे टर्बोमधलं तेल फिरत राहून तो निवतो.

मग १५ मिनिटं. त्यांतली पहिली पाच गाडीभोवतीच्या फेरीची. ही फेरी यंत्रासाठी जितकी आहे तितकीच माणसासाठी. पाय मोकळे होतात, पाठ सरळ होते आणि डोकं एका ठरलेल्या कामावर येतं. ती नेहमी एकाच बाजूने, एकाच क्रमाने घालावी. चालकाच्या दारापासून मागे, कॅरॅव्हॅनला वळसा घालून डावीकडून पुढे, शेवटी हिच.

चाकांपाशी हात लावून बघायचं ते हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, ज्यात बेअरिंग असतं. तळहात न लावता हाताची मागची बाजू जवळ न्यावी, चटका बसला तर हात आपोआप मागे येतो. इन्फ्रारेड थर्मामीटर स्वस्त मिळतो आणि तो इथे फार कामाचा आहे. त्यातला आकडा एकट्याने फारसं सांगत नाही, चारही हबांची तुलना सांगते. उन्हाच्या बाजूचं चाक थोडं गरम असणारच. पण एकच हब बाकीच्यांपेक्षा वीस-तीस अंशांनी जास्त तापलेला असेल तर तीन शक्यता: बेअरिंगमधलं ग्रीस संपलंय किंवा बेअरिंग जास्त आवळलंय, ब्रेकचा शू ड्रमला घासत राहिलाय, किंवा निघताना कॅरॅव्हॅनचा हँडब्रेक पुरता सोडलेला नाही. आधी हँडब्रेक बघावा, तो सगळ्यात सोपा. चाक जॅकवर उचलून फिरवलं आणि करकर ऐकू आली, किंवा वर-खाली हलवल्यावर हबात खेळ जाणवला, तर बेअरिंग. त्यावर पुढचे १०० किलोमीटर काढायचे नाहीत. जळालेलं बेअरिंग चाक ज्या दांड्यावर फिरतं त्या स्टब अ‍ॅक्सलला चिकटतं आणि पुढे चाकच निसटतं. हे मोजमाप विश्वासाचं व्हायचं तर थांबताना ब्रेक जोरात लावलेले नसावेत. नाहीतर ड्रमची उष्णता बेअरिंगच्या नावावर जमा होते आणि भलताच घोर लागतो.

टायरची हवा सकाळी थंड असताना भरलेली असते. तासाभराच्या धावेनंतर ती ४ ते ६ पीएसआयने वाढणं ठीक. १० ने वाढली असेल तर पुष्कळांना वाटतं हवा जास्त झाली, आणि ते तिथेच काढून टाकतात. खरं कारण बहुधा उलटं असतं. सकाळची हवा वजनाच्या मानाने कमी होती, म्हणून टायरच्या भिंती जास्त दबत-उघडत राहिल्या आणि टायर तापला. गरम टायरमधून हवा काढली की तो आणखी दबतो, आणखी तापतो, आणि दुपारच्या उन्हात त्याची साल निघते. करायचं ते इतकंच की वेग कमी ठेवावा, वजन बघावं आणि दुसऱ्या दिवशी थंड टायरमध्ये दाब वाढवावा.

हिचपाशी कपलिंगचा खटका बसलेला आहे ना, सुरक्षेच्या साखळ्यांच्या शॅकलची (कडीची) पिन फिरून सैल झाली नाही ना, ब्रेकअवेची केबल (कॅरॅव्हॅन सुटलीच तर तिचे ब्रेक आपोआप लावणारी) रस्त्याला घासत नाही ना, जॉकी व्हील (कॅरॅव्हॅनच्या पुढच्या टोकाचं आधाराचं छोटं चाक) वर आणि आवळलेलं आहे ना. लाइटचा प्लग खडीच्या रस्त्यावर हादरून सुटतो आणि मग मागचे ब्रेक दिवेही जातात, कॅरॅव्हॅनचे इलेक्ट्रिक ब्रेकही. हा एक प्लग हाताने दाबून बघण्याला दोन सेकंद लागतात. छतावरची हॅच, खिडक्यांच्या कड्या, पायरी, गॅसचा कॉक हे ओघात होऊन जातं. जुना, गॅस, बॅटरी आणि वीज अशा तीन प्रकारे चालणारा फ्रिज असेल तर थांबल्यावर तो बॅटरीवर चालू राहिलेला नको. अर्ध्या तासात तो बॅटरी चांगलीच ओढतो. गॅसवर घेतला असेल तर पेट्रोलपंपात शिरण्याआधी ज्योत बंद. याला अपवाद नाही.

उरलेली दहा मिनिटं माणसांची. चालावं, पाणी प्यावं, कॅरॅव्हॅनच्या सावलीत उभं राहावं. तिचं दार डाव्या अंगाला, म्हणजे रस्त्याच्या उलट्या बाजूला उघडतं, तेवढी निर्धास्ती. फोनमध्ये डोकं घालून सीटवर बसून राहिलं तर डोळे आणि पाठ दोघांचीही विश्रांती बुडते. खिडकी उघडणं, गाणी मोठ्याने लावणं, तोंडावर पाणी मारणं यांनी काही मिनिटं जाग येते, झोप जात नाही. झोपेला उत्तर झोपच आहे, आणि इथे कॅरॅव्हॅनवाल्यांकडे एक मोठी सोय आहे ज्यातच थोडा धोकाही आहे: मागे खरीखुरी गादी असते. त्या गादीवर वीस मिनिटांचे दीड तास होतात, गाढ झोपेतून उठलेला माणूस अर्धा तास बधिर राहतो आणि तसाच स्टिअरिंगवर बसतो. तेव्हा कॉफी आधी प्यायची, लगेच १५-२० मिनिटांचा गजर लावून पडायचं. कॉफीला चढायला साधारण तेवढाच वेळ लागतो, म्हणजे दोन्ही बरोबर कामाला येतात. छताची हॅच उघडी असावी. उठल्यावर दहा मिनिटं पायी, मगच चावी.

दुपारी दोन ते चारमध्ये शरीराचा उतार असतोच, जेवलात काय आणि न जेवलात काय. वर भात-आमटीचं भरपेट जेवण झालं की तो आणखी खोल जातो. मराठी घराने इथे थोडं मागे जाऊन आपल्याच शिदोरीकडे बघावं. दशम्या, थालीपीठ, शेंगदाण्याची चटणी, चिवडा हे प्रवासासाठीच बनलेले पदार्थ आहेत. थोडे थोडे दोन-तीन थांब्यांवर खाता येतात, भांडी लागत नाहीत. ताज्या वस्तूंचं मात्र भान ठेवावं लागतं. पश्चिमेकडे जाताना बॉर्डर व्हिलेजला आणि पूर्वेकडे जाताना सेडुनाला क्वारंटाइनची, म्हणजे पिकांवरची कीड-रोग रोखण्याची, तपासणी आहे. कच्ची फळं-भाज्या आणि पश्चिमेकडे जाताना मधही काढून घेतला जातो. कढीपत्त्याची कुंडी घेऊन निघण्याचा विचारही करू नये. भाज्या आदल्या मुक्कामाला शिजवून संपवाव्यात, म्हणजे त्या नाक्यावरचा थांबा चिडचिडीत न जाता पाय मोकळे करण्यात जातो.

शेजारी बसणाऱ्याचं कामही सकाळीच ठरलेलं बरं. ‘झोप येतेय का?’ या प्रश्नाला आपल्याकडे ‘छे, नाही’ हेच उत्तर मिळतं, बायकोने विचारलं तरी आणि मुलाने विचारलं तरी. त्याऐवजी खुणा बघाव्यात. वेग ९० वरून ८० आणि परत ९० असा हलू लागतो. मागच्या दहा मिनिटांत डाव्या आरशाकडे नजरच गेलेली नसते. नुकतंच मागे पडलेलं रोडहाऊस कोणतं ते आठवत नाही. बोलण्याला एकाक्षरी उत्तरं येतात. यांतली एक खूण दिसली की पुढच्या रेस्ट एरियात थांबायचं, आणि त्यावर चर्चा करायची नाही. शेजारच्याचा शब्द अंतिम. मुंबई-गोवा एका दमात मारल्याचं कौतुक ऐकत वाढलेल्या माणसाला हे जड जातं, याची मला कल्पना आहे. तरी तेच करावं. चालक बदलणार असाल तर नव्याने बसणाऱ्याने सीट, टोइंगचे लांब आरसे आणि ब्रेक कंट्रोलर हे तिन्ही स्वतःच्या हाताने लावून घ्यावेत.

सुट्ट्यांच्या दिवसांत ठिकठिकाणी ‘ड्रायव्हर रिव्हायव्हर’चे तंबू किंवा शेड दिसतात. स्वयंसेवक फुकट चहा-कॉफी आणि बिस्किटं देतात. अनोळखी माणूस ‘कुठून आलात, किती वेळ चालवताय’ असं विचारतो तेव्हा खरं उत्तर तोंडातून निघतं, ते घरच्यांना मिळत नाही. तिथे जरूर थांबावं.

दिवसाचा शेवट सूर्यावरून धरावा, घड्याळावरून नको. युक्ला-मुंद्राबिलाच्या पट्ट्यात घड्याळ पर्थच्या ४५ मिनिटं पुढे चालतं, दक्षिण ऑस्ट्रेलियात शिरताच आणखी ४५ मिनिटं, उन्हाळ्यात तर या पट्ट्याच्या पावणेदोन तास पुढे. घड्याळ पाहून मुक्काम ठरवणारा हमखास फसतो. कांगारू आणि वॉम्बॅट तिन्हीसांजेला आणि पहाटे रस्त्यावर येतात, आणि पाच टनांचं ओझं घेऊन त्यांना चुकवायला वळणं हा त्यांना धडकण्यापेक्षा मोठा धोका आहे. म्हणून ऊन उतरण्याआधी तासभर गाडी उभी असावी. पश्चिमेकडे जाणाऱ्यांना तर चारनंतर समोरच्या काचेत सूर्यच असतो. त्यांनी आणखी लवकर थांबावं.

रात्रीचा रेस्ट एरिया निवडताना एक गोष्ट कॅरॅव्हॅनवाल्यांकडून फार चुकते. जागा मोकळी, लांबलचक, सपाट दिसते म्हणून ट्रकसाठी राखलेल्या पट्ट्यात घर लावलं जातं, पुढे खुर्च्या-टेबल मांडलं जातं. दक्षिण ऑस्ट्रेलियात आणि पूर्वेकडच्या राज्यांत एकट्या ट्रकचालकाला नेहमीच्या नियमांनुसार सव्वापाच तासांच्या कामानंतर १५ मिनिटं आणि चोवीस तासांत सलग ७ तास गाडी उभी ठेवून विश्रांती घ्यावीच लागते. त्याचे थांबे कायद्याने आखलेले असतात, आणि ३६ मीटरची गाडी घेऊन तो आपल्यासारखा दुसरी जागा शोधू शकत नाही. ती जागा अडली तर तो दमलेलाच पुढच्या रेस्ट एरियाकडे निघतो, त्याच रस्त्याने, जिथून उद्या सकाळी आपण जाणार असतो. दुसरा इलाज नसेल आणि तिथेच थांबावं लागलं, तर कॅरॅव्हॅन अगदी टोकाला, कडेला घ्यावी, हिच न सोडता, मागे पूर्ण एका रोड ट्रेनची लांबी मोकळी ठेवून. बाहेर काही मांडू नये. रेडिओ ४० वर चालू ठेवावा, आणि ट्रक आत येताना दिसला तर बाहेर येऊन हात दाखवावा की जागा आहे, ये.